२०२२चा 'पिनोकियो' खऱ्या बाहुल्यांचा आहे का? दहा वर्षांच्या मुलीसोबत तशी मिनिटभराची फिल्म घरी करता येईल का?

बाहुल्या खऱ्याच आहेत. गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांचा हा चित्रपट स्टॉप मोशनमध्ये केलाय: बाहुली किंचित हलवा, फोटो काढा, पुन्हा हलवा. संगणक आहे, पण तो समुद्राचं पाणी, आभाळ आणि बाहुलीला आधार देणाऱ्या सळया पुसायला.

घरी जमेल, फक्त मिनिटावरून दहा सेकंदांवर या. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र) लागतात. एक पोझ दोन चौकटी धरली तरी सेकंदाला १२ फोटो, म्हणजे मिनिटाला ७२०. दहा सेकंदांना १२०. एवढं एका रविवारी उरकतं आणि मुलगी कंटाळत नाही.

या चित्रपटात चेहरे दोन तऱ्हेचे आहेत. जेपेत्तो (पिनोकियोला कोरणारा सुतार) याच्यासारख्या माणसांना सिलिकॉनची कातडी आणि तिच्याखाली बारीक यंत्रणा, त्यामुळे गाल-भुवया हळूहळू सरकतात. पिनोकियो लाकडाचा, त्याची कातडी ताणली तर तो रबराचा दिसेल. म्हणून त्याचे कडक चेहरे थ्रीडी प्रिंट केले. भाव बदलला की चेहरा काढून दुसरा बसवायचा. घरी हीच दुसरी तऱ्हा धरा. बहुतेक जण क्लेच्या चेहऱ्याने सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. दिव्याखाली क्ले मऊ पडते, बोटांचे ठसे उमटतात आणि दर फोटोत नाक निराळं येतं.

शरीर अठरा-वीस सेंटिमीटरचं ठेवा. दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी करून पीळ द्या, पण फार घट्ट नको. घट्ट पिळाची तार ताठ होते आणि लवकर तुटते. लोखंडी तार घेऊ नका, ती वाकवली की स्प्रिंगसारखी थोडी मागे येते. छाती, कंबर, दंड आणि मांड्यांवर एमसील चढवा, सांधे मोकळे सोडा. दोन्ही पावलांत एकेक नट बसवा आणि प्लायवूडला भोकं पाडून खालून बोल्ट आवळा. हे टाळलंत तर पहिल्याच पावलाला बाहुली कलंडेल, कारण एका पायावर तोल राहत नाही. शरीर ओबडधोबड झालं तरी चालेल. सिनेमातला पिनोकियोही जेपेत्तोने दारूच्या नशेत कोरलेला आहे.

डोक्याला चार सेंटिमीटरचा थर्माकोलचा गोळा पुरे. लाकडी मणी जड होतो आणि मान लवते. तोंडं जाड कागदावर काढून कापा: प-ब-म साठी मिटलेलं, आ, ई, ओ-ऊ, त-ल साठी जीभ दिसणारं, आणि एक हसरं. ब्लू-टॅकने (पुन्हा पुन्हा काढून लावता येणारा चिकट लगदा) चिकटवा. खरी गडबड इथे होते: तोंड दाबून बसवताना मान हलते आणि पडद्यावर डोकं थरथरतं. एका हाताने डोकं मागून धरा आणि फोटोआधी मोबाइलच्या स्टॉप मोशन ॲपमध्ये दिसणाऱ्या मागच्या फोटोच्या पुसट छायेशी ताडून बघा. संवाद आधी रेकॉर्ड करा, मग कुठलं अक्षर कितव्या फोटोवर येतं ते वहीत मांडा.

खोटं बोललं की वाढणारं नाक हीच तुमच्या मुलीची आवडती जागा असणार. बांबूच्या काडीचे वेगवेगळ्या लांबीचे आठ तुकडे करा आणि गोळ्यात स्ट्रॉचा तुकडा खोचून त्यात ते बदलत जा. नुसत्या थर्माकोलमध्ये भोक दोन-चार वेळांतच सैल होतं. दर फोटोला सारखीच वाढ दिलीत तर नाक यंत्रासारखं सरकतं. आधी १ मिलिमीटर, मग २, ४, ७, आणि शेवटी १ मिलिमीटर मागे. सिनेमात त्या नाकाला फांद्या-पानं फुटतात. तुम्हीही पानं लावा, पण कागदाची. खरं पान दिव्यासमोर कोमेजत जातं आणि फिल्ममध्ये ते स्पष्ट दिसतं.

खिडकी पूर्ण झाका, ढग सरकला तरी फिल्म लुकलुकते. मोबाइलमध्ये एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर (एका फोटोला लागणारा वेळ) १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवा, नाहीतर स्वस्त एलईडी बल्बमुळे पट्टे येतात. कपडे गडद घाला. पांढऱ्या शर्टाचा उजेड बाहुलीवर पडतो आणि तुम्ही हललात की तोही हलतो. फोटो इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने काढा, बऱ्याच फोनमध्ये चालतं.

तरीही मध्येच कॅमेऱ्याला धक्का लागणार. तो पुन्हा जागेवर आणायच्या नादी लागू नका, तंतोतंत जुळत नाही. बाहुली आहे त्याच पोझमध्ये ठेवा, कॅमेरा मुद्दाम जवळ किंवा बाजूला न्या आणि तिथून नवा शॉट सुरू करा.