‘एआयने नाकारलं’ यातला ‘ने’ कुणाचा?

प्रश्न असा आलाय की ‘एआयने माझा लोनचा अर्ज नाकारला’ हे मराठीत चालेल का, यंत्र कर्ता कसं होईल, आणि कर्ता म्हटलं की पाप-पुण्यही आलंच ना. ताई, फार मोलाचं विचारलंत.

व्याकरणात वाक्य बरोबरच आहे. आपला ‘ने’ दोन कामं करतो, ‘आईने सुरीने आंबा कापला’ यात पहिला ‘ने’ कर्त्याचा आणि दुसरा करणाचा म्हणजे साधनाचा. (इथे बडोद्यात गुजराती ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’, त्यामुळे दांडिया बाजारातल्या आपल्या पोरांचा आणखीच गोंधळ होतो.) पाणिनी म्हणतो ‘स्वतन्त्रः कर्ता’, क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, पण ‘स्थाली पचति’, पातेलं शिजवतं, हेही संस्कृतात चालतं कारण कर्तेपण कुणाला द्यायचं ते बोलणारा ठरवतो, यालाच विवक्षा म्हणतात. तर ‘एआयने’ ही आपली विवक्षा आहे आणि माझं भांडण तिच्याशीच आहे.

2018 मध्ये अमेरिकेत टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं, ती गेली. आता ‘गाडीने’ म्हणा, पण आत बसलेल्या ऑपरेटरचं लक्ष रस्त्याऐवजी मोबाईलमध्ये होतं, आणि गाडी कॉम्प्युटर चालवत असताना आपोआप इमर्जन्सी ब्रेक लागायची सोय कंपनीनेच बंद ठेवलेली. गुन्हा लागला फक्त ऑपरेटरवर, कंपनीवर नाही. किती ‘ने’ आहेत बघा यात!

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिलीत, अधिष्ठान (आधार), कर्ता, करण, चेष्टा (थट्टा नव्हे, हालचाल), दैव, म्हणजे कर्ता आणि करण मुद्दाम वेगळे मोजलेत. काही जण त्याच अध्यायातला ‘यस्य नाहंकृतो भावो’ श्लोक पुढे करतात, की यंत्राला अहंकार नाही मग दोष कसला. मला हे अजिबात पटत नाही. तो श्लोक अहंकार सुटलेल्या माणसाबद्दल आहे, यंत्राला तो कधी नव्हताच, ते करणच. दोष यंत्राला चिकटला नाही म्हणून तो हवेत विरत नाही, ज्याने ते कामाला लावलं त्याच्याकडे जातो.

म्हणून बोलताना ‘एआयने’ म्हणा हो, पण तक्रार लिहाल तेव्हा ‘बँकेने एआय वापरून अर्ज नाकारला’ असंच लिहा. आणि ‘एआयकडून चूक झाली’ तर नकोच, त्या ‘कडून’ने जबाबदारी अजूनच पातळ होते.