सर्व्हर घेण्याआधी पानं मोज

अरे, प्रोसेसरच्या कोटेशनांत रात्री घालवू नकोस. वाचनालयाच्या डीस्पेसला, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं साठवून वाचकांना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, प्रोसेसरचे ४ ते ६ कोर पुरतात. आधी कपाटातली पानं मोज. ए-४ आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून कॉम्प्रेस न करता टिफ या चित्र-फाइलीत ठेवलं, की साधारण २६ एमबी होतं. २०० पानांचं पुस्तक म्हणजे ५ जीबी. अशी १००० पुस्तकं झाली की ५ टीबी भरलेच. वाचकाला हलकी पीडीएफ दे, पण टिफ पुसू नकोस.

रॅम मात्र १६ जीबी घेच, जमलं तर ईसीसीवाली, म्हणजे स्वतःच्या चुका सुधारणारी. डीस्पेस ज्यांवर चालतं ते जावा, पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि सोलर (शोध घेणारं सॉफ्टवेअर), तिघेही खादाड. सोलर नि डेटाबेस एसएसडीवर, स्कॅन साध्या मोठ्या डिस्कवर.

स्कॅनसाठी डिस्क दोन, रेड-१ मध्ये, म्हणजे एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं. पण त्याला बॅकअप समजून निवांत झोपू नकोस. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. मी हे रडून शिकलोय. तिसरी प्रत बेळगावात न ठेवता निपाणीला कुणा विश्वासू माणसाकडे ठेव. आणि खानापूरकडचा पाऊस नि तिथली वीज तुला ठाऊकच आहे, तेव्हा यूपीएसचे पैसे आधी बाजूला काढ.