जांभा उतरला, पण जागा कुणाची?

प्रश्न : आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. मातीच्या भिंती, वर कौलं. मी डोंबिवलीला असतो. जुनं घर पाडून त्याच जागी 1400 चौरस फुटांचं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर बांधायचं आहे. जागा दोन गुंठे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. ते 1991 साली वारले. वडील आणि काकाही आता नाहीत. शेजारीच घर असलेल्या चुलतभावाने ग्रामपंचायतीत तोंडी हरकत घेतली आहे. ग्रामसेवक म्हणतात, सगळ्यांची संमती आणा. ठेकेदार म्हणतो, 3200 फुटांपर्यंत परवानगी लागतच नाही, बांधून टाका, घरपट्टी मागाहून लावून घेऊ. चिऱ्याची पहिली गाडी उतरली आहे. पुढच्या गणपतीला मूर्ती नव्या घरात आणायची आहे. काय करू?

उत्तर : चिरे राहू द्यात तिथेच, ते काही कुजत नाहीत. घाई फक्त कागदांची करा.

आधी ठेकेदाराचं बघू. हे 3200 फुटांचं वाक्य 2021 पासून गावोगाव फिरतं आहे आणि दर मुक्कामाला त्यातली एकेक अट गळून पडते. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्या आधारे ग्रामीण भागाला सवलत मिळाली ती अशी : 150 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण 1600 चौरस फुटांच्या भूखंडावर बांधायचं असेल तर मालकीचा कागद, जागेचा नकाशा, घराचा आराखडा आणि तो नियमांत बसतो असं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, विकास शुल्क भरायचं, वेगळी परवानगी नको. भूखंड 150 ते 300 चौरस मीटर असेल तर हेच कागद द्यायचे, शुल्क भरायचं आणि ग्रामपंचायतीने दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं. तुमच्या 3200 फुटांत जी सूट आहे ती नगररचना खात्याच्या फेऱ्यांतून. ग्रामपंचायतीचा उंबरठा तुम्हाला ओलांडावाच लागणार.

आणि हे आकडे भूखंडाचे आहेत, घराचे नव्हेत. तुम्ही 1400 फूट म्हणून निर्धास्त आहात, पण दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट, जवळजवळ 202 चौरस मीटर. तुम्ही दुसऱ्या गटात येता. प्रारंभ प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय जोत्याचा एक चिराही बसवू नका. घरपट्टी मागाहून लागेलही, कारण अनधिकृत घरालाही ती लागते. कर घेतला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असं कुठलाच कायदा म्हणत नाही.

दोन्ही गटांत पहिला कागद कोणता, पाहिलंत? मालकीचा. तुमची खरी अडचण तिथे आहे.

तुमच्याकडे जो आहे तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीचा उतारा. (तलाठ्याकडचा 8-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. लोक हा घोळ नेहमी करतात.) कर कुणाकडून वसूल करायचा एवढंच नमुना 8 सांगतो. घर तुमच्या कुटुंबाच्या ताब्यात आहे याचा तो चांगला पुरावा, पण मालकीचा दाखला नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघते का बघा आणि तिच्यावर कुणाकुणाची नावं लागली आहेत तेही.

त्याच्याही आधी घर खरोखर गावठाणात आहे का, हे तपासा. कोकणात वाडी म्हणजे गावठाण असं धरून चालतात. पण अनेक वाड्यांतली घरं सर्व्हे नंबरच्या जमिनीत उभी असतात आणि त्यांचा सातबारा निघतो. तुमचा निघाला तर प्रश्न अकृषिक वापराचा होतो आणि वाट तहसील कार्यालयाकडे वळते. तिथले नियम गेल्या दहा वर्षांत इतक्यांदा बदलले आहेत की गावात कोणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, अर्ज द्यायच्या दिवशी चालू असलेला नियम तहसीलदारांकडूनच समजून घ्या.

आता वारस. पत्रात तुम्ही काकांचं लिहिलंत, चुलतभावाचं लिहिलंत. आत्या? आजोबांना मुली नव्हत्या की विचारायच्या राहिल्या? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी ही मुलाइतकीच पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि राहत्या घराची वाटणी मागायला तिला जी आडकाठी होती ती 2005 साली गेली. तुमच्या वडिलांचा हिस्साही एकट्या तुमचा नाही. आई असेल तर तिचा, भावाबहिणींचाही. ग्रामसेवकांनी (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) संमती मागितली, त्यात वावगं काही नाही.

वावगं आहे ते तोंडी नकार देणं. मालकी कुणाची याचा निवाडा ग्रामपंचायत करू शकत नाही, ते दिवाणी न्यायालयाचं काम. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या, आणि भावाची हरकतही लेखीच मागवायला सांगा. तोंडी नकारावर अपील कुठे करणार?

संमती आणि मालकी यांत मात्र गल्लत नको. नोटरीपुढचं संमतीपत्र परवानगीपुरतं चालून जाईल. पण उद्या संमती देणाऱ्याच्या मुलांनी हिस्सा मागितला तर तुमचं पंचवीस-तीस लाखांचं घर सामाईक जागेत उभं असेल. शेजारी भावाचं वेगळं घर आहे म्हणजे बापजाद्यांनी तोंडी वाटणी केली असावी, असा माझा कयास. तसं असेल तर सगळ्यांनी बसून पूर्वी झालेल्या वाटणीचं टिपण सह्यांनिशी करा. झालेल्या वाटणीची नुसती आठवण लिहिली तर नोंदणी सक्तीची नसते. 'या लेखाने वाटणी करीत आहोत' असं लिहिलंत की दुय्यम निबंधकाकडे जावंच लागेल. वाटणी झालीच नसेल तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा, नाहीतर आत्या-बहिणींकडून हक्कसोडपत्र. आत्यांकडे मात्र तयार कागद घेऊन सहीला जाऊ नका. आधी नुसते भेटून या.

भाऊ तरीही अडून बसला तर तो मनाई हुकूम आणू शकतो. त्याआधी तुम्ही दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवा. ती 90 दिवस टिकते, आणि तेवढ्या काळात तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय सहसा एकतर्फी हुकूम होत नाही.

गणपतीचं म्हणाल तर पुढचा बहुधा जुन्याच घरात येईल. ते घर सध्या पाडूच नका. तुमच्या ताब्याचा सगळ्यात बोलका पुरावा तेच आहे, आणि मोकळ्या जागेवर हद्दीचा वाद घालणं भावाला फार सोपं जाईल. प्रमाणपत्र मिळालं की चारी बाजूंनी फोटो काढा, जोत्याची मापं अभियंत्याकडून नकाशावर उतरवून घ्या, त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि मग कौलं उतरवा.