जुन्या पोलीस जीपला कोणता वायरलेस शोभेल?

प्रश्न : काका, नमस्कार. धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडून १९७२ची महिंद्रा सीजे-३बी जीप घेतली. ती पोलिसांकडे होती, असे जुन्या कागदांवरून कळते. इंजिन आणि बाहेरचे रंगकाम उरकले, आता वायरलेस राहिला. मित्राने मोटोरोला जीएम-३०० आणून दिलाय. अमेरिकेतून जुना मोटोरोला मोट्रॅक मागवू, असेही तो म्हणतो. यातला कोणता लावू? तो चालू ठेवता येईल का? बाजूला ‘नंदुरबार जिल्हा पोलीस’ असे रंगवणार आहे. – एक वाचक, शहादा

उत्तर : भाऊ, यातला कोणताच नको. जीएम-३०० नव्वदच्या दशकातला. त्याचा छोटा डबा आणि उजळणारा आकडा १९७२च्या डॅशबोर्डवर लगेच खटकेल. मोट्रॅक काळाला जवळचा आहे, पण तो अमेरिकन पोलिसांच्या फोर्ड-प्लिमथच्या डिकीत शोभतो. शिवाय परदेशातून वायरलेस संच मागवायचा तर दिल्लीच्या डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे वायरलेसचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या, परवानगीचा प्रश्न येतो.

उमेदीची सगळी वर्षे मी वायरलेस वर्कशॉपमध्ये काढली, म्हणून सांगतो : संच शोधायला बाहेर पडण्याआधी जीप वाचा. त्या काळी मुख्य संच म्हणजे जड लोखंडी पेटी. ती मागे, सीटच्या पाठीशी किंवा बाजूच्या बाकाखाली बोल्टने आवळलेली असे. ड्रायव्हरजवळ फक्त कंट्रोल हेड (संच चालवायच्या बटणांचा छोटा डबा), स्पीकर आणि हातातला माइक. दोन्हींना जोडणारी जाड केबल फ्लोअरवरून जाई. मागच्या पत्र्याचा रंग अजून खरवडला नसेल तर थांबा. बोल्टची चार भोके, केबलचे रबरी बूच बसायचे मोठे भोक, एरियलच्या बुडाची गोल खूण, यातले काहीतरी पुटीखाली सापडेल. पत्र्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून भोकांचे अंतर जसेच्या तसे उतरवून घ्या आणि तो कागद खिशात ठेवूनच बाजारात जा. पेटीचे पाय त्या भोकांवर बसले, तर तुमचे निम्मे काम झाले.

एरियलकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. पाव तरंगाच्या एरियलची लांबी सेंटिमीटरमध्ये काढायला ७५००ला संचाच्या मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचे. १५० मेगाहर्ट्झला ५० सेंटिमीटर येतात, प्रत्यक्षात काडी त्याहून जराशी आखूड कापतात. ४० मेगाहर्ट्झला तीच काडी पावणेदोन मीटरच्या वर जाते, मग बुडाशी स्प्रिंग लागते. म्हणजे हायबँडचा (१५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा) संच आणि मागे लांबलचक डुलणारी काडी ही जोडी चुकीची. पेटीच्या पट्टीवर फ्रिक्वेन्सी लिहिलेली असेल, ती वाचूनच काडी ठरवा.

आता मिळेल कुठे? पोलिसांच्या भंगारात अख्खा संच हाती लागणे अवघड. पण वीज मंडळ, पाटबंधारे, वन खाते यांच्याकडेही व्हीएचएफ संच असत, आणि त्यांचे सामान जिल्ह्याच्या गावातल्या भंगारवाल्यांपर्यंत पोहोचते. धुळे, जळगाव, भुसावळ इथली गोदामे आधी पाहा. मग पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ची, तिची पट्टी असलेली पेटी दिसली तर उचलून पाहा. वडोदऱ्याची जीसीईएल, पंजाबची पनवायर यांचेही संच दिसतील. ते चांगले आहेत, पण पुढच्या काळातले. ते तुमच्या जीपला नकोत. निवृत्त वायरलेस मेकॅनिकांना मात्र जरूर भेटा. माइकची पीळदार वायर, कंट्रोल हेडची बटणे, केबलचे बहुपिनी सॉकेट असल्या चिजा त्यांच्या पेटाऱ्यातच निघतात. बाजारात पेटी मिळते, सॉकेट मिळत नाही.

चालू ठेवण्याबद्दल स्पष्ट सांगतो : ठेवू नका. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याविना संच नुसता बाळगणेही गुन्हा होता. २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत मंजुरी हवीच. म्हणून आतले क्रिस्टल, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर सगळे काढा आणि नुसती पेटी बसवा. बिल घ्या, उघड्या रिकाम्या पेटीचे फोटो काढून कागदांसोबत ठेवा. यात जीपचाही फायदा आहे. व्हॉल्व्हचा संच बोलताना बॅटरीतून वीसेक अँपिअर सहज ओढतो, आणि तो भार जुन्या डायनामोला सोसत नाही.

त्या स्पीकरमधून खरेच आवाज यावा असे वाटत असेल, तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्या. परवाना मिळाला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलता येते. आजचा छोटा हॅम संच त्या रिकाम्या पेटीत बसवा आणि जुन्या स्पीकरला जोडा. मला हा मार्ग मनापासून आवडतो. मुलांना जीपजवळ बोलावून दाखवण्यासारखे काही हाती राहते.

राहिले रंगवायचे नाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. १९७२मध्ये शहादा धुळे जिल्ह्यात होता, तेव्हा ‘धुळे जिल्हा’ असेच लिहा. आणि खासगी गाडीवर ‘पोलीस’ लिहून रस्त्यावर फिरता येत नाही. ती अक्षरे चुंबकी पत्र्यावर रंगवून घ्या, प्रदर्शनाच्या जागी पोहोचल्यावर लावा आणि निघताना उतरवा.