‘नास्तिक हाही एक धर्मच’: धर्म लागतो, पाळतात की मानतात?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: “पारावर वाद झाला. एक जण म्हणाला, ‘धरमाबिगर कोनाचंच भागत नाई. तू देव मानत नाई म्हनतं, मंग नास्तिक हाच तुहा धरम.’ हे भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे का? आणि नास्तिक, निरीश्वरवादी, निधर्मी यांतला कोणता शब्द कुठे वापरावा?”

व्याकरणाची चूक काहीच नाही. घोळ आहे तो क्रियापदांचा. मराठीत धर्म ‘लागतो’, धर्म ‘पाळतात’ आणि धर्म ‘मानतात’. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र असतीलच असं नाही. पारावरचा माणूस ‘भागत नाई’ म्हणताना पाळण्याबद्दल बोलत होता, आणि लगेच पुढच्या वाक्यात मानण्यावर घसरला.

पाळणं म्हणजे काय ते पोळ्याला दिसतं. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून शेकतात (तूप महाग, म्हणून आता बहुतेक ठिकाणी तेलच). ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं बैलाच्या कानाशी म्हणतात. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची यमकातली गाणी) म्हटल्या जातात, प्रत्येक झडतीचा शेवट ‘हर बोला हर हर महादेव’. मग मानवाईक, म्हणजे गावातला मानकरी, तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. गावातला पक्का नास्तिकही आपली जोडी घेऊन त्या रांगेत असतो, आणि त्यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नाही. तो पोळा पाळतो. महादेव मानतो की नाही, हे तोरणाखाली कुणी विचारत नाही.

‘मानणं’ हा त्याहून अवघड शब्द. मानलेली बहीण, पंचांचं मानलं, मानलं बुवा तुला! या सगळ्यात मान देणं आणि स्वीकारणं आहे. अमुक वस्तू अस्तित्वात आहे की नाही, असा हिशेब त्यात नाही. त्यामुळे ‘मी देवाले मानत नाई’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात ‘देव आहे असं मला पटत नाही’ एवढंच असतं, पण ऐकणाऱ्याच्या कानावर ते ‘मी देवाला मान देत नाही’ असं पडतं. म्हणजे आजीच्या देव्हाऱ्याचा अपमान. निम्मी भांडणं इथेच पेटतात. देव नाही एवढंच म्हणायचं असेल तर ‘मला देव पटत नाही’ म्हणावं. कुरबूर बरीच कमी होते.

आता ‘नास्तिक’. पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०) या सूत्रातून आस्तिक आणि नास्तिक दोन्ही शब्द साधतात. टीकाकारांनी तिथे परलोक धरला आहे: परलोक आहे असं ज्याचं मत तो आस्तिक. मनुस्मृतीत (२.११) वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. देव न मानणारा हा आजचा रूढ अर्थ या दोन्हींहून वेगळा आहे. म्हणून तर निर्मात्या ईश्वरावाचून ज्यांचं काही अडत नाही ती सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं वेद प्रमाण मानतात म्हणून आस्तिक ठरली, आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिक. गंमत अशी की जैन आचार्य हरिभद्रांनी आपल्या ग्रंथात जैन आणि बौद्ध दोन्ही आस्तिकांत मोजले. काठी ज्याच्या हाती, त्याने रेघ मारली!

या जुन्या अर्थाने पाहिलं तर ‘नास्तिक धर्म’ हा शब्दप्रयोग चालून जातो, आणि विदर्भाला तो परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात ज्यांनी बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. त्या घरांत वंदना होते, पौर्णिमा पाळतात, लग्नंही त्याच पद्धतीने लागतात. देव नाही, पण धर्म पुरता आहे. तेव्हा ‘निरीश्वर’ म्हणजे ‘निधर्मी’ हे समीकरण निदान आपल्या भागात तरी कुणी मांडू नये.

आजच्या अर्थाच्या नास्तिकाला मात्र ‘नास्तिक हाच तुहा धरम’ लागू पडत नाही. देव नाही, या एका मतातून उपास निघत नाही, सण निघत नाही, लग्न कसं लावायचं हेही निघत नाही. पाळायला काही नसेल तर त्याला मत म्हणावं.

मग ते मत श्रद्धेसारखं असतं का? इथे भाषेचा कल ऐकावा. ‘भूत नाही यावर माझी श्रद्धा आहे’ असं मराठी माणूस म्हणत नाही. ‘माझी खात्री आहे’ म्हणतो. श्रद्धेला टेकायला कुणीतरी किंवा काहीतरी लागतं: गजानन महाराजांवर श्रद्धा, डॉक्टरवर श्रद्धा, माणसाच्या चांगुलपणावर श्रद्धा. नुसत्या अभावावर ती बसत नाही. म्हणून ‘नास्तिकाची नास्तिकतेवर श्रद्धा’ हे वाक्य टाळीचं असलं तरी ओढूनताणून बनवलेलं आहे. अर्थात नास्तिकातही असा गडी भेटतो, जो नेत्याचं वाक्य घोकतो, त्याच्या फोटोला हार घालतो आणि शंका काढणाऱ्याला बैठकीतून उठवतो. त्याच्यासाठी ‘पंथ’ आणि ‘कट्टर’ हे चपखल शब्द मराठीत तयार आहेत, ‘धर्म’ कशाला ताणायचा? शिवाय ‘अंनिसवाला (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा माणूस) म्हणजे नास्तिक’ हीही गावातली ढोबळ समजूत. देवाधर्माला विरोध नाही, अंधश्रद्धेला आहे, ही त्या चळवळीची जाहीर भूमिका आहे. २०१३ च्या ज्या कायद्याला लोक अंधश्रद्धेचा कायदा म्हणतात, त्याच्या लांबलचक नावात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा आहे, ‘श्रद्धा’ हा शब्दच नाही.

धर्म सगळ्यांना लागतो का? शेजारधर्म लागतो, दानधरम लागतो. जिनिंगच्या रस्त्यावरचा धरमकाटा तर सगळ्यांनाच लागतो: आधी भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी, दोन वजनांतला फरक तो तुमचा कापूस. इथे धरम म्हणजे खरं माप. गाडगेबाबांनी नवस आणि पशुबळी यांवर आयुष्यभर कोरडे ओढले आणि पंढरपुरात यात्रेकरूंसाठी बांधली ती धर्मशाळाच. हा धर्म कर्तव्याचा, आणि त्यावाचून खरंच कुणाचं भागत नाही. देवपूजेचा धर्म मात्र सगळ्यांना लागतोच असं नाही, इतकंच. नास्तिकाच्या घरी पंचाईत होते ती मयतीनंतर. तेरवी (तेराव्या दिवसाचा विधी) नको म्हटलं की पाहुण्यांनी यायचं कधी, हेच ठरत नाही. त्यामुळे पुष्कळ जण त्याच दिवशी शोकसभा ठेवतात. दिवस जुना, विधी गाळलेला.

राहिला कागदावर ‘लागणारा’ धर्म. २०११ च्या जनगणनेच्या फॉर्मवर हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन यांना १ ते ६ क्रमांक होते, इतरांनी आपल्या धर्माचं नाव पूर्ण लिहायचं होतं. अशा रकान्यात ‘नास्तिक’ लिहू नये, कारण रकाना मत विचारत नाही. ‘धर्म नाही’ किंवा ‘निधर्मी’ लिहावं. कोणताच धर्म नाही असं सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्येच येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मतच सांगायचं असेल तर देव नाही म्हणणारा निरीश्वरवादी, आहे की नाही ते कळणं शक्य नाही म्हणणारा अज्ञेयवादी. बोलण्यात ‘नास्तिक’ पुरतो. ‘अधर्मी’ मात्र दुष्टाला म्हणतात, घाईत तो निधर्मीच्या जागी लिहू नये.

लग्नाच्या वेळी ‘धर्म नाही’ने अडत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ३० दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार एवढं पुरतं. अडतं ते जातीच्या दाखल्याशी. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश हिंदू, शीख आणि बौद्ध या तीनच धर्मांशी बांधलेला आहे, आणि त्यात बौद्ध आले तेही १९९० मध्ये. तेव्हा पोराच्या शाळेच्या फॉर्मवर ‘निधर्मी’ लिहायच्या आधी तहसीलमध्ये एकदा विचारून घ्यावं. दाखल्यावर एकदा चढलेला शब्द उतरवायला फार हेलपाटे पडतात.