सोलापुरी चादरींचे फोटो घरीच काढायचेत, पण ऊन फार कडक. मऊ उजेड कसा मिळवू?

चादर उन्हात अंथरूच नका. पांढरा भाग फटफटीत होतो आणि घड्यांत काळ्याकुट्ट सावल्या पडतात. खिडकीत ऊन येत असेल तर तिच्यावर पांढरं धोतर ताणून बांधा, मग अख्खी खिडकीच दिवा होते. उजेड येतो ती जागा वस्तूच्या मानाने जितकी मोठी आणि जवळ, तितकी सावलीची कड विरघळते. म्हणून चादर दोन-तीन फुटांवरच ठेवा. उजेड मात्र बाजूने घ्या. समोरून घेतला की विणीतला मोर सपाट दिसतो, आणि खरी शोभा तर त्या विणीचीच! चादरीच्या पलीकडे, खिडकीच्या समोरच्या बाजूला, थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, म्हणजे उजेड त्यावरून परतून सावल्या उजळतात. खोलीतली ट्यूब बंद ठेवा, नाहीतर रंग बदलतात.