वाचकांचे प्रश्न : बिल्डिंग स्मार्ट केली तर पैसे खरंच वाचतात का?

प्रश्न : नमस्कार सर. कॉलेज रोडला आमची चार मजली कमर्शियल बिल्डिंग आहे, खाली दुकानं, वर क्लासेस आणि एक लॅब. एकाने लाइट, एसी, पंप, लिफ्ट सगळं मोबाईलवर आणून देतो म्हणून साडेसात लाखांचं कोटेशन दिलंय. वडील म्हणतात बटण दाबायला एवढे पैसे कशाला. खरंच काही फायदा होतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वडील बरोबर बोलतायत, बटण दाबायला साडेसात लाख घालू नका. मोबाईलवरून लाइट बंद करता येणं ही सोय झाली, त्याने धंद्यात काही फरक पडत नाही. पैसे वाचतात ते मोजल्यामुळे, आणि मोजलेलं बघून कोणीतरी उठून काहीतरी बदलल्यामुळे.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट बघा, जी कोटेशनवाला कधीच विचारत नाही. मीटर कोणाच्या नावावर आहेत? दुकानदारांचे आणि क्लासेसचे स्वतःचे मीटर असतील तर एसीत वाचलेला प्रत्येक रुपया त्यांच्या खिशात जाणार आणि खर्च तुमचा. मग तुमच्या वाट्याला राहतो तो कॉमन मीटर, म्हणजे लिफ्ट, पंप, पॅसेजचे लाइट. त्याच्यासाठी टाकीत लेव्हल सेन्सर, पंपाला ऑटो कंट्रोल आणि जिन्यात मोशन सेन्सर एवढं पुरे, साडेसात लाखांच्या जवळपासही जात नाही ते. वॉचमन पंप चालू करून चहाला गेला आणि टाकी तासभर वाहत राहिली हे आपल्याकडे बिल्डिंगोबिल्डिंगी चालतं, आणि खाली टाकी कोरडी असताना पंप फिरत राहिला तर जळतो तो खर्च वेगळाच.

पण एकच मोठं कनेक्शन तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही आत सबमीटर लावून पैसे घेत असाल तर गोष्ट बदलते. मग महावितरणची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि त्यात दोन आकडे शोधा, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे महावितरणकडून मंजूर करून घेतलेला जास्तीत जास्त लोड, आणि त्या महिन्यात नोंदलेली कमाल डिमांड, म्हणजे प्रत्यक्ष उचललेला सगळ्यात जास्त लोड, ज्याला वायरमन लोक एमडी म्हणतात. समजा कॉन्ट्रॅक्ट ८० केव्हीएचा (हे लोड मोजायचं एकक) आहे आणि वर्षभरात एमडी ५० च्या वर गेलीच नाही, तर काहीही विकत न घेता आधी एखाद्या चांगल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला बसवून डिमांड कमी करायचा अर्ज टाकता येईल का ते बघा. उलट एमडी कॉन्ट्रॅक्टच्या वर जात असेल तर दंडाच्या दराने पैसे जातायत. अशा वेळी मेन पॅनलवर आणि प्रत्येक मजल्याच्या फीडरवर, म्हणजे तिथे जाणाऱ्या मुख्य वायरवर, सीटी (करंट मोजणारी कडी) लावून ऑनलाइन मीटर बसवले तर ग्राफ बघून कळतं की सकाळी क्लासेसचे सगळे एसी, पंप आणि लिफ्ट एकाच टप्प्यात सुरू होतात. मीटर डिमांड काढतो ती ठरावीक मिनिटांची सरासरी असते, त्यामुळे पंप पहाटे चालवला आणि एसी थोडे पुढेमागे सुरू केले तरी ते टोक खाली येतं, वीज तेवढीच वापरून.

दुसरं म्हणजे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरंच कामाला लागते त्याचं प्रमाण. २० किलोवॅटच्या वरच्या ग्राहकांचं बिल महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर निघतं, यात कामाला न लागलेली वीजही धरली जाते, म्हणजे पॉवर फॅक्टर सांभाळणारा कॅपॅसिटर बिघडला की काम तेवढंच होऊनही युनिट वाढतात आणि महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही कारण लाइट तर लागतायत. ऑनलाइन मीटर ते त्याच दिवशी दाखवतो. त्यात आता वेळेनुसार दर आलेत, दुपारी ऊन असताना वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, सो कुठलं काम कधी चालतं हे माहीत असणं आणखी महत्त्वाचं झालंय.

आणि रात्री अकरा ते पहाटे पाचचा ग्राफ नक्की बघा. बिल्डिंग बंद, तरी लोड दिसतोय, तो कसला? वॉटर कूलर, साइनबोर्ड, विसरलेला एसी, बाथरूमचे एक्झॉस्ट. माझ्या मते सगळ्यात पटकन पैसे इथेच सापडतात. क्लासमध्ये एसी १८ वर असेल तर तो २४ वर आणा, बीईई या केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेच्या सांगण्यानुसार एका डिग्रीला साधारण ६ टक्के वीज वाचते. फक्त हे रिमोटने जबरदस्तीने लॉक करायच्या आधी क्लासवाल्या सरांशी बोलून घ्या, नाहीतर भांडणं होतील.

प्रश्न : दिंडोरीजवळ आमचं द्राक्षाचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. मागच्या सीझनला रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि सकाळी कळलं. सेन्सर लावावेत का?
— एक बागायतदार

उत्तर : दादा, तुमच्याकडे लावाच, वर जेवढं हात आखडून सांगितलं ते तुम्हाला लागू नाही. शून्याच्या आसपास ठेवलेला माल एका रात्रीत गरम झाला तर जे जातं त्यापुढे सेन्सरची किंमत काहीच नाही.

पण लावताना बघा. दाराजवळ भिंतीला एक सेन्सर लटकवून उपयोग नसतो, एक प्रोब मालाच्या मधोमध, पेट्यांच्या थप्पीत हवा, कारण हवा थंड झाली तरी मणी थंड व्हायला वेळ लागतो. पफ पॅनलला, म्हणजे स्टोरेजच्या फोम भरलेल्या भिंतींना, दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, वायफाय आतून धड येत नाही, म्हणून प्रोब आत आणि ट्रान्समीटर बाहेर ठेवा. लाइट गेली की राउटरही बंद पडतो आणि नेमकं त्याच वेळी अलार्म यायला हवा असतो, त्यामुळे सिमकार्ड आणि बॅटरीवालाच घ्या. मेसेजवर भरवसा नको, रात्री दोनला मेसेज कोण बघतो, फोन वाजला पाहिजे, आणि पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याचा. कॉम्प्रेसरच्या करंटवरही एक सीटी टाका, कंडेन्सर, म्हणजे गरमी बाहेर टाकणारा भाग, चोक होत आला की करंट हळूहळू चढताना दिसतो, ट्रिप व्हायच्या आधी. शिवाय अख्ख्या सीझनचं तापमानाचं रेकॉर्ड हातात असलं की एक्स्पोर्टवाल्याशी आणि इन्शुरन्सवाल्याशी बोलताना आवाज वेगळा लागतो.

प्रश्न : पंचवटीत लॉज आहे, २०२७ च्या सिंहस्थासाठी रूम नव्याने करतोय. कीकार्ड सिस्टीम घेऊ का?
— एक लॉजमालक

उत्तर : कीकार्ड खोचलं की रूमची लाइट चालू होते, पण साध्या स्लॉटमध्ये गेस्ट स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड खोचून एसी चालू ठेवून रामकुंडावर निघून जातात, तेव्हा त्याचा फार भरवसा धरू नका. दाराचा सेन्सर आणि मोशन सेन्सर जोडीने चालणारे येतात, दार उघडून बंद झालं आणि मग आत हालचालच नाही तर एसी बंद. नुसता मोशन घेतला तर झोपलेल्या माणसाचा एसी बंद होतो आणि रिसेप्शनला शिव्या बसतात. आणि गर्दीत तुम्हाला विजेपेक्षा पाणी रडवणार आहे, मजल्यागणिक वॉटर मीटर आणि टाकीचा लेव्हल सेन्सर आधी बसवा, म्हणजे टँकर वेळेत सांगता येईल.

प्रश्न : आमच्या सातपूरच्या ऑफिसात सगळं नेटला जोडलंय. हॅक होऊ शकतं का?
— एक वाचक

उत्तर : होऊ शकतं. अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीत चोर शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराचा पासवर्ड चोरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. २०१६ च्या मिराई व्हायरसने तर कॅमेरे आणि राउटर कंपनीच्याच डिफॉल्ट पासवर्डने ताब्यात घेतले होते. म्हणून पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, कॅमेरे आणि सेन्सर अकाउंट्सच्या कॉम्प्युटरपेक्षा वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, आणि व्हेंडरचा रिमोट ॲक्सेस काम असेल तेवढाच वेळ उघडा.

एक जास्तीचं सांगतो, जे तुम्ही विचारलं नाही. ॲडमिन लॉगिन व्हेंडरच्या इंजिनिअरच्या जीमेलवर नको, कंपनीच्या मेलवर हवं. उपकरणं मॉडबस किंवा बॅकनेटवर (कुठल्याही कंपनीला वापरता येणाऱ्या खुल्या भाषा) बोलणारी घ्या म्हणजे उद्या दुसरा माणूस सांभाळू शकेल. २०१६ मध्ये गुगलच्याच गटातल्या नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारा डबा, सर्व्हरसकट बंद केला आणि लोकांच्या घरातले डबे निकामी झाले. ऑर्डर देण्याआधी व्हेंडरला समोर बसवून राउटरची वायर काढा आणि लाइट, एसी, दार भिंतीवरच्या बटणाने चालतायत का ते बघा. नाही चाललं तर ॲडव्हान्स देऊ नका.